गेममधलं शहर बुडालं! पण किती मीटर आणि किती वर्षांत?

पाण्यातून डोकं वर काढणारे टॉवर, गंजलेला पूल, खिडकीतून ये-जा करणारे मासे... गेममधली जगबुडी नेहमी अशीच दिसते. ती कितपत खरी? थोडा भूगोल, थोडं फिजिक्स आणि शाळेतला गुणाकार घेऊन बसा. करूया हिशेब.

हॉस्टेलची रूम. सबमिशन उद्यावर आलंय, त्यामुळे अर्थातच सगळे गेम खेळतायत. स्क्रीनवर ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’. नायिका एलॉय पाण्यात सूर मारते आणि समोर येतं एकतिसाव्या शतकातलं सॅन फ्रान्सिस्को. उंच इमारतींचे खालचे मजले समुद्रात, वर हिरव्या वेली आणि लांबवर गोल्डन गेट पुलाचे अवशेष. मग संवाद सुरू होतो.

‘भावा, असं खरंच होणार का?’

‘होणार म्हणजे काय! २०५० ला अर्धी मुंबई पाण्यात. मॅप आला होता ना व्हॉट्सअ‍ॅपवर!’

‘काय नाय होत रे. सहावीत असल्यापासून ऐकतोय. मरीन ड्राइव्ह होता तिथंच आहे.’

या तिघांपैकी तुम्ही कोण? दुसरा असाल तर तुम्हाला भीती वाटते, तिसरा असाल तर कंटाळा आलाय. पण गंमत बघा, दोघांच्या डोक्यात चित्र एकच आहे, पाण्यातून वर आलेल्या टॉवरचं. एकाला वाटतं ते चित्र उद्या खरं होणार. दुसऱ्याला ते अजून दिसलेलं नाही, म्हणून त्याला वाटतं काहीच होत नाहीये. हे चित्र आपल्याला सिनेमांनी आणि गेम्सनी दिलंय. म्हणून ते तपासून बघायला हवं.

त्या व्हायरल मॅपचंच घ्या. २०१९ मध्ये ‘क्लायमेट सेंट्रल’ या संस्थेचं संशोधन आलं. जगात आज ज्या जमिनीवर ३० कोटी लोक राहतात, ती २०५० पर्यंत वर्षाकाठी सरासरी एकदा येणाऱ्या किनारी पुराच्या पातळीखाली असेल, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे काय, तर पुराच्या वेळी तिथं पाणी येण्याचा धोका. फॉरवर्ड होता होता त्याचं झालं ‘मुंबई कायमची बुडणार’. वर्षातून एकदा घरात पाणी येणं आणि घरच समुद्रात जाणं, यात केवढा फरक आहे! पहिलंही भयंकरच असतं, फक्त त्याचा स्क्रीनशॉट भारी येत नाही.

तर चार प्रश्न घेऊया. पाणी किती चढलं? किती वेळात चढलं? कशामुळे चढलं? आणि तिथली माणसं कुठं गेली? कुठल्याही गेममधली जगबुडी या चार प्रश्नांवर घासून बघता येते.

पाणी किती?

आधी कमाल मर्यादा ठरवू. पृथ्वीवर जमिनीवर साठलेला जवळपास सगळा बर्फ अंटार्क्टिका आणि ग्रीनलंड इथं आहे. अंटार्क्टिकाचा सगळा वितळला तर समुद्र साधारण ५८ मीटर चढेल, ग्रीनलंडचा वितळला तर ७ मीटरच्या थोडा वर. डोंगरातल्या हिमनद्यांचा वाटा त्यामानाने किरकोळ. सगळं धरून ६५ ते ७० मीटर. म्हणजे वीस-बावीस मजले. त्यामुळे ज्या गोष्टीत डोंगरांची शिखरं सोडून अख्खी पृथ्वी पाण्याखाली जाते, ती सरळ बाद. तेवढं पाणीच नाहीये राव!

या प्रश्नात ‘सिव्हिलायझेशन ६’ बराच पुढे आहे. २०१९ मध्ये त्याचं ‘गॅदरिंग स्टॉर्म’ नावाचं एक्स्पान्शन आलं. तुम्ही कोळसा आणि तेल जाळत गेलात की हवेतला कार्बन वाढतो, समुद्र चढतो आणि किनाऱ्यावरच्या सखल चौकटी एकेक करून पाण्याखाली जातात. या चौकटींवर १ मीटर, २ मीटर, ३ मीटर अशा खुणा असतात. आकडा माफक आहे आणि म्हणूनच पटतो.

पण एका ठिकाणी या गेमने घोळ घातलाय. नकाशाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला समुद्रावर बर्फाच्या चौकटी असतात. ध्रुवीय बर्फ किती टक्के वितळला, हे गेम समुद्राच्या वाढीच्या जोडीनेच दाखवतो. आता आर्किमिडीजला आठवा. ग्लासभर सरबतात बर्फाचा खडा टाका, ग्लास काठोकाठ भरा आणि वाट बघा. खडा विरघळतो, पण सरबत सांडत नाही. तरंगणाऱ्या बर्फाने आपल्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारलेलं असतं. उत्तर ध्रुवावरचा समुद्री बर्फ हा असा तरंगता बर्फ आहे, तो वितळून पातळी जवळपास वाढत नाही. ती वाढवतो जमिनीवरचा बर्फ. शिवाय पाणी तापलं की फुगतं, त्यानेही समुद्र चढतो.

मग समुद्री बर्फ गेला तर गेला, असं म्हणायचं का? तसंही नाही. पांढरा बर्फ ऊन परत पाठवतो, काळसर समुद्र ते शोषून घेतो. बर्फ गेला की तापमान वाढायला आणखी हातभार लागतो. म्हणजे गेममधला परिणाम साधारण बरोबर, कारण मात्र चुकीचं.

किती वेळात?

बहुतेक गेम्स नापास होतात ते इथं.

‘अ‍ॅनो २०७०’ घ्या. २०११ मध्ये आलेला गेम, कथा २०७० सालची. समुद्र चढून किनाऱ्यावरची शहरं गेलीत आणि आपण उरलेल्या बेटांवर नव्याने वस्ती उभारतोय. आता गुणाकार करा. समुद्र वेगाने चढल्याचा जो एक ठळक पुरावा आपल्याकडे आहे, तो सुमारे साडेचौदा हजार वर्षांपूर्वीचा. हिमयुग संपत असताना साधारण चार-पाचशे वर्षांत समुद्र पंधरा-वीस मीटर चढला. म्हणजे वर्षाला सुमारे ४ सेंटिमीटर. हाच वेग २०११ पासून लावला, तरी २०७० पर्यंत पाणी चढेल अडीच मीटरच्या आत. सखल भाग, खाडीकाठ, त्रिभुज प्रदेश यांचे हाल होतील, यात शंका नाही. पण त्याने खंडांची बेटं होत नाहीत.

आणि खरा वेग त्याहून बराच कमी आहे. आयपीसीसीच्या सहाव्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगाचा समुद्र सरासरी २० सेंटिमीटर चढला. २००६ ते २०१८ मध्ये वेग होता वर्षाला ३.७ मिलिमीटर, आणि तो वाढतोय. या शतकाच्या अखेरीस, आपण प्रदूषण किती आवरतो त्यावर, साधारण ०.२८ ते १.०१ मीटर अशी वाढ अपेक्षित आहे.

हे वाचून तो तिसरा मित्र म्हणेल, ‘बघ, एक मीटर! फक्त कमरेएवढं!’ थांबा. किनारा म्हणजे भिंत नसते, उतार असतो. शंभर मीटर चालल्यावर एक मीटर चढ लागतो असा किनारा धरा. तिथं समुद्र एक मीटर वर आला तर पाण्याची रेघ शंभर मीटर आत येते. त्यावर भरती, त्यावर लाटा, त्यावर वादळाचा फुगवटा. म्हणून त्याच अहवालातला दुसरा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा आहे. आजवर शंभर वर्षांतून एकदा येणारी समुद्राची टोकाची पातळी या शतकाच्या अखेरीपर्यंत निम्म्याहून अधिक ठिकाणी दरवर्षी येऊ शकते. शंभर वर्षांतून एकदा घर धुऊन निघालं तर माणूस पुन्हा बांधतो. दरवर्षी धुऊन निघालं तर?

‘होरायझन’कडे मात्र वेळच वेळ आहे. त्याची कथा आजपासून हजारभर वर्षांनंतरची. आयपीसीसीने पुढच्या दोन हजार वर्षांचे अंदाजही दिलेत. तापमानवाढ दीड अंशावर रोखली तर २ ते ३ मीटर, २ अंशांवर २ ते ६ मीटर आणि ५ अंश झाली तर १९ ते २२ मीटर. म्हणजे टॉवरचे खालचे काही मजले पाण्यात, हे दृश्य हजार-दोन हजार वर्षांच्या वाईट हिशेबात बसतं. पाण्यासाठी या गेमला मार्क द्यायला हवेत.

पुलासाठी मात्र नाही! गोल्डन गेट पूल १९३७ मध्ये खुला झाला आणि तेव्हापासून खाऱ्या धुक्यात उभं असलेलं त्याचं स्टील माणसं सतत रंगवतात, दुरुस्त करतात. ती माणसंच नसतील तर हजार वर्षं सोडाच. आरसीसीचंही तेच. खारं पाणी काँक्रीटच्या आत झिरपतं, सळई गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. समुद्राजवळ राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, छताचे पोपडे पडून सळया दिसायला लागतात तेच हे. रोमन लोकांची बांधकामं दोन हजार वर्षं टिकली, कारण त्यांच्या चुना आणि ज्वालामुखीच्या राखेच्या काँक्रीटमध्ये सळई नव्हती. म्हणजे ३०४० मध्ये कदाचित रोममधलं एखादं देऊळ उभं असेल आणि आपला काचेचा टॉवर नसेल.

कशामुळे?

२०२३ मध्ये याच गेमचा पुढचा भाग आला, ‘बर्निंग शोअर्स’. त्यात लॉस एंजेलिसच्या जागी उरलीय लाव्हा ओकणारी बेटांची माळ. दिसायला जबरदस्त, भूगोलात कच्ची.

लॉस एंजेलिसजवळून सॅन अँड्रियास भ्रंश जातो. तिथं दोन भूपट्ट एकमेकांना घासून आडवे सरकतात, वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर. तुमची नखं वाढतात जवळपास त्याच वेगाने. हजार वर्षांत किती? ५० मीटर. अर्धं फुटबॉल मैदान. त्या काळात मोठे भूकंप होतील, शहर हादरेल, पण कॅलिफोर्निया मोडून समुद्रात पडणार नाही. आणि लाव्हा? एक भूपट्ट दुसऱ्याखाली बुडतो तिथं अशा ज्वालामुखींची रांग उभी राहते. ते आज अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर बरंच उत्तरेला, माउंट सेंट हेलेन्सच्या पट्ट्यात घडतंय. लॉस एंजेलिसखाली नाही.

पण म्हणून ‘एका रात्रीत किनारा बदलला’ ही गोष्ट खोटी असते असं समजू नका. ती खरी आहे, आणि आपल्याच देशातही घडलीय. १६ जून १८१९ चा कच्छचा भूकंप. सपाट रणात कित्येक किलोमीटर लांबीचा मातीचा उंचवटा वर आला. लोकांनी त्याला नाव दिलं ‘अल्लाह बंध’, म्हणजे माणसाने न बांधलेला बांध. त्याच्या दक्षिणेची जमीन खचली आणि सिंदडीचा किल्ला पाण्यात गेला. २६ डिसेंबर २००४. सुमात्राजवळच्या भूकंपात ग्रेट निकोबारच्या टोकाचं इंदिरा पॉइंट ४.२५ मीटर खचलं आणि जमिनीवरच्या दीपगृहाच्या पायाशी समुद्र आला. त्याच भूकंपात उत्तर अंदमानात काही ठिकाणी जमीन वर उचलली गेली आणि प्रवाळ उघडे पडले. जपानचं नोटो द्वीपकल्प, १ जानेवारी २०२४. किनारा काही ठिकाणी ४ मीटरपर्यंत वर आला, समुद्र सुमारे दोनशे मीटर मागे हटला आणि मासेमारीची बंदरं कोरडी पडली. समुद्र आत येण्याऐवजी सोडून गेला! एखाद्या गेम डिझायनरने हे सुचवलं असतं तर टीमने त्याला वेड्यात काढलं असतं.

म्हणजे नियम असा. भूकंप किनारा क्षणात बदलतो, पण काही मीटरने आणि ठरावीक पट्ट्यात. हवामान किनारा जगभर बदलतं, पण संथपणे. गेमला दोन्ही एकदम हवं असतं, जगभर आणि क्षणात.

तिसरं कारण बहुतेक गेम्स विसरतात. ते म्हणजे आपण स्वतः. जकार्तामध्ये लोकांनी जमिनीखालचं पाणी इतकं उपसलं, की उत्तरेकडचा काही भाग एकेकाळी वर्षाला २० सेंटिमीटरपर्यंत खचत होता. समुद्र मिलिमीटरमध्ये वर आणि शहर सेंटिमीटरमध्ये खाली. इंडोनेशियाने बोर्नियो बेटावर नुसंतारा ही नवी राजधानी उभारायला घेतली, त्यामागचं हे एक मोठं कारण.

आणि ते सॅन फ्रान्सिस्को? त्याचा गजबजलेला आर्थिक भाग मुळात खाडीत भराव घालून बनलाय. १८४९ च्या सोन्याच्या लाटेत लोक जहाजं तशीच सोडून खाणींकडे पळाले, त्यातली कित्येक आजही रस्त्यांखाली गाडलेली आहेत. मुंबईची गोष्ट तुम्हाला माहितीये, सात बेटं आणि मधला भराव. नकाशावर किनारा ओढून-ताणून हवा तसा करणं, जे आपण गेमच्या एडिटरमध्ये माउसने करतो, ते इथं माणसांनी टोपल्यांनी केलं. पण जिथून पाणी हटवलं ती जागा सखलच राहते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी आकाशातून आलं होतं, पण भरतीमुळे त्याला समुद्रात जायला वाट मिळेना. त्या दिवशी समुद्र एक मीटरही वर आला नव्हता आणि तरी मुंबई बुडाली होती.

माणसं कुठं गेली?

‘बॅटलफिल्ड २०४२’ तुमच्यापैकी अनेकांनी खेळला असेल. त्यात एक मॅप आपल्या शेजारचा आहे, गुजरातमधलं अलंग. वाळूत आडवी पडलेली अवाढव्य जहाजं आणि त्यांच्या सापळ्यांत चाललेली लढाई. हे दृश्य अतिरंजित वाटतं, पण जहाजांपुरतं ते अस्सल आहे. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीत प्रचंड फरक पडतो, म्हणून मोठ्या भरतीला जहाज किनाऱ्यावर चढवायचं आणि ओहोटीला तोडायला घ्यायचं, हा धंदा तिथं १९८३ पासून चालतो. गेममध्ये वर एक चक्रीवात फिरतो, जो सैनिकांना उचलून फेकतो. खऱ्या अलंगला धोका आहे तो अरबी समुद्रातल्या चक्रीवादळाचा. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ त्याच सौराष्ट्रच्या किनाऱ्यावर धडकलं.

तौक्ते आठवतंय? चक्रीवादळ झोंबीसारखं अचानक दारात येत नाही. त्याचा इशारा काही दिवस आधी मिळतो. तौक्तेचाही मिळाला होता. तरीही मुंबईजवळच्या समुद्रात तेलक्षेत्रावर काम करणाऱ्यांचा एक बार्ज बुडाला आणि अनेक कामगारांचा जीव गेला. वारा निसर्गाचा होता. इशारा मिळाल्यावर कोण किनाऱ्यावर आलं आणि कोण समुद्रातच राहिलं, हे मात्र निसर्गाने ठरवलं नव्हतं. आपत्ती ‘वाऱ्याचा वेग अमुक’ एवढीच कधी नसते.

‘बॅटलफिल्ड’ला एक श्रेय द्यायला हवं, तो चौथा प्रश्न विचारतो. त्याच्या जगात देश कोलमडलेत, कोट्यवधी लोकांना देश उरलेला नाही आणि त्यांना ‘नो-पॅट’ म्हणतात. पण मग गेमने या सगळ्यांच्या हातात बंदूक दिली. खरे विस्थापित काय करतात? जागतिक बँकेच्या २०२१ च्या ‘ग्राउंडस्वेल’ अहवालात अंदाज आहे, की २०५० पर्यंत जगाच्या सहा प्रदेशांत मिळून हवामानामुळे २१ कोटी ६० लाखांपर्यंत लोकांना आपल्याच देशात दुसरीकडे जावं लागू शकतं. आपल्याच देशात! सीमा ओलांडून लढायला नाही, तर शेजारच्या जिल्ह्यात, बहिणीच्या घरी, शहराच्या कडेच्या वस्तीत.

ओडिशातलं सातभाया घ्या. सात गावांचा समूह, एकेक करून समुद्राने नेला. उरलेल्यांना सरकारने बागपतिया इथं वसवलं. तिथं कुठलाही टॉवर पाण्यातून वर आलेला नाही. आपल्या रायगडच्या खारेपाटात जा. उधाणाला खारबंदिस्ती फुटते, खाडीचं पाणी भातशेतीत शिरतं. दोन दिवसांनी ते ओसरतंही. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, झालं, संपलं. पण मीठ जमिनीत राहतं. भात होत नाही. हळूहळू तिथं कांदळवन उगवतं आणि सातबाऱ्यावर ‘शेती’ असलेली जमीन प्रत्यक्षात खाडी झालेली असते. घरातला मुलगा नोकरी शोधायला पनवेलला जातो. त्याला कुणी ‘हवामान निर्वासित’ म्हणत नाही, ‘जॉबसाठी गेला’ म्हणतात.

हे कुठल्या गेममध्ये दिसतं?

गेमला समुद्र का हवा असतो?

गेम बनवणाऱ्यांना भूगोल कळत नाही, असं अजिबात नाही. ‘होरायझन’ बनवणारी गुरिल्ला कंपनी अ‍ॅमस्टरडॅमची आहे. नेदरलँड्सची जवळपास पाव जमीन समुद्रसपाटीखाली आहे. १९५३ च्या पुरात तिथं १,८३६ माणसं गेली आणि त्यानंतर त्या देशाने दशकानुदशकं खपून बांध आणि दरवाजे उभारले. समुद्र म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायला नको.

मग असं का? कारणं साधी आहेत. ओपन वर्ल्ड गेमला कुठंतरी कुंपण लागतं, आणि समुद्रासारखं सोयीचं कुंपण नाही. खेळणाऱ्याला लांबून ओळखू येईल अशी खूण लागते, म्हणून पूल आणि टॉवर टिकवावेच लागतात. आणि गेमला ताण लागतो. ‘पुढच्या चाळीस वर्षांत तुझ्या विहिरीचं पाणी मचूळ होईल’ या मिशनला टायमर कसा लावणार?

ही तडजोड गेमपुरती चालते. घोळ होतो तो नंतर, जेव्हा तेच चित्र आपण खऱ्या जगाला लावतो. गेमने उंची फुगवलेली असते आणि वेळ आकसलेली. त्या मापाने बघितलं तर ३० सेंटिमीटर समुद्र म्हणजे काहीच नाही. मग भरावाचा प्रकल्प, खाडीतलं बांधकाम, फुटलेला बांध या बातम्या आपण स्क्रोल करून पुढे जातो.

उलट करणंही शक्य आहे. ‘जीटीए’चं व्हाइस सिटी म्हणजे मायामीचाच अवतार. खऱ्या मायामीत आज काय होतं? वर्षातल्या सगळ्यात मोठ्या भरत्यांना, लख्ख ऊन असताना, रस्त्यावर खारं पाणी येतं. शहर सच्छिद्र चुनखडीवर वसलंय, त्यामुळे किनाऱ्याला भिंत बांधली तरी पाणी खालून आणि गटारातून वर येतं. मायामी बीचवर पंप बसवलेत, रस्ते उंच केलेत. विचार करा, ऊन पडलंय, गाडीचा पाठलाग चाललाय आणि रस्त्यावर घोटाभर खारं पाणी. ब्रेक लागत नाही, गाडी खालून गंजतेय, विमा कंपनी हात वर करतेय. मजेशीर मिशन होईल की नाही? आणि बाकीच्या सगळ्या जगबुड्यांपेक्षा खरं!

एका देशाचा खरा ‘मॅप’

आता एक गेम नसलेला गेम. प्रशांत महासागरात तुवालू नावाचा देश आहे. नऊ प्रवाळबेटं, लोकसंख्या दहा-अकरा हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. बहुतेक जमीन समुद्रापासून जेमतेम दोन-तीन मीटर उंच. २०२१ मध्ये त्यांचे मंत्री सायमन कोफे यांनी गुडघाभर समुद्रात उभं राहून जागतिक हवामान परिषदेसाठी भाषण रेकॉर्ड केलं. पुढच्या वर्षी त्यांनी जाहीर केलं, की तुवालू स्वतःची डिजिटल प्रतिकृती बनवणार. बेटांचं त्रिमितीय स्कॅनिंग करायचं, कागदपत्रं आणि संस्कृती जपायची. जमीन गेली तरी देश उरावा म्हणून.

म्हणजे तंत्र तेच, जे गेम स्टुडिओ वापरतात. फरक इतकाच, की हा मॅप खेळण्यासाठी नाही, आठवण म्हणून बनतोय.

ऑस्ट्रेलियाशी २०२३ मध्ये झालेल्या करारानुसार दरवर्षी २८० तुवालूवासी तिकडे कायमचे राहायला जाऊ शकतात. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामानावर सल्लागार मत दिलं. देशाचा भूभाग नाहीसा झाला म्हणजे त्याचं देशपण आपोआप संपतंच असं नाही, असंही त्यात म्हटलंय. आणि या देशाचा जगाच्या प्रदूषणातला वाटा? नगण्य. ‘सिव्हिलायझेशन ६’ची गंमत इथं आठवते. कोळसा एकजण जाळतो आणि चौकट दुसऱ्याची बुडते. बर्फाचं फिजिक्स त्याने चुकवलं असेल, हा हिशेब मात्र अचूक पकडलाय.

तुमच्यातले काही उद्या गेम बनवतील. पुण्यात बनलेला ‘इंडस’ आता लोक खेळतायत, हे क्षेत्र आपल्यापासून लांब राहिलेलं नाही. तेव्हा कधीतरी २०७० चा एखादा किनारा बनवायला घ्याल, तर समुद्र फक्त ३० सेंटिमीटर चढवून बघा. शहर जागेवर ठेवा, माणसं जागेवर ठेवा. मग बघा काय काय बदलतं. कोणाची विहीर जाते, कोणाचा बांध फुटतो, कोण घर विकतं, कोणाचं घर कोणी विकतच घेत नाही.

आणि नुसतं खेळणार असाल, तरी हे चार प्रश्न खिशात ठेवा:

किती? ७० मीटरच्या वर आकडा गेला की समजा, कल्पनाविलास.

किती वेळात? शतकाला चार मीटर, हाच कमालीचा वेग. त्यापुढे वेळ आकसलीय.

कशामुळे? हवामान, भूकंप की माणसाचा भराव आणि उपसा? कारण न सांगणारा गेम आळशी.

माणसं कुठं? हा प्रश्न गेम बंद केल्यावरही विचारायचा.

त्या हॉस्टेलच्या रूममध्ये पहिल्या मित्राने विचारलं होतं, असं खरंच होणार का. उत्तर आहे, असं नाही. पण होतंय. घोट्याएवढ्या पाण्यात, दर उधाणाला, खारेपाटात.